चाळिशीत सायकल शिकता येते का?

मागच्या अंकात याच पानावर मी सहज लिहून गेले होते की मी सायकल शिकले ती वयाच्या ३९ व्या वर्षी, शाळेची नोकरी लागून पंधरा वर्षं झाल्यावर, आणि त्यानंतर बदली होईपर्यंत सात वर्षं घर ते शाळा साडेसात किलोमीटर सायकलनंच गेले. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. निम्म्याच्या वर पत्रं बायांची आहेत अन् जवळपास सगळ्यांचा प्रश्न एकच, आता या वयात जमेल का. म्हणून यावेळी पूर्ण पान सायकलीलाच दिलं आहे. बऱ्याच जणींनी नाव छापू नका म्हटलं आहे, त्यामुळे कोणाचंच छापत नाही.

प्रश्न : ताई, मी आशा सेविका आहे, वय ४३. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव, उपकेंद्र सहा किलोमीटर. सकाळची एसटी एकच, ती गेली की ऑटो भरेपर्यंत बसून राहा, कधी कधी दीड तास जाते. मुलीला शाळेत असताना सरकारच्या मानव विकास योजनेतली सायकल भेटली होती, ती आता कॉलेजसाठी यवतमाळला आहे अन् सायकल दारात उभी आहे. दोनदा प्रयत्न केला. घरच्यांनी मागून धरलं, सोडलं की पडली. दुसऱ्यांदा पारावरची माणसं हसली, तेव्हापासून हात नाही लावला. या वयात जमेल का? अन् साडीवर चालवता येते का?

उत्तर : जमते बाई. नक्की जमते. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं कारण मी पण अशीच पडली होती, मागून धरणारा माझा भाऊ होता एवढाच फरक.

तुम्ही पडल्या यात तुमचा दोष नाही, शिकवायची पद्धतच चुकीची आहे. मागून कोणी कॅरियर धरून पळते तेव्हा तोल तो सांभाळून राहिला असतो, तुम्ही नुसते पायडल मारता, अन् त्यानं हात सोडला की तुमच्या अंगाला तोल म्हणजे काय हे माहीतच नसते. लहान पोरं कैची मारत शिकतात तेव्हा त्यांचे पाय जमिनीच्या जवळ असतात, भीती वाटली की टेकवून देतात. मोठ्या माणसाला मात्र आपण डायरेक्ट सीटवर बसवतो, पाय अधांतरी, अन् म्हणतो चालव आता. कशी चालवणार?

तर असं करा. सायकल मिस्त्रीकडे न्या अन् सीट एकदम खाली करून घ्या, इतकी खाली की बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत, नुसते चवडे नाही. मग त्याच्याकडूनच दोन्ही पायडल काढून घ्या. हो, काढूनच. घरी काढायचे असले तर लक्षात ठेवा की डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, नेहमीसारखं फिरवत बसलं तर सुटायच्या ऐवजी आणखी आवळते. पाना वरच्या बाजूला उभा धरायचा अन् मागच्या चाकाकडे ओढायचा, दोन्हीकडे हाच नियम.

ही बिनपायडलची सायकल घेऊन शाळेच्या पटांगणावर जा. थोडा उतार असला तर बरं, पण तो डोळ्याला दिसेल इतका नको, पावसाचं पाणी जिकडून वाहून जाते तेवढाच पुरे. सीटवर बसा अन् दोन्ही पायांनी जमीन मागं ढकलत चालायला लागा. पहिल्या दिवशी एवढंच. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी ढांगा मोठ्या होतात, पाय थोडे जास्त वेळ हवेत राहतात, तुमच्या लक्षातही येत नाही. अन् मग एक दिवस दोन्ही पाय उचलून धरले तरी सायकल चालत राहते. मला तो क्षण अजून आठवतो. सकाळचे साडेपाच, आमच्या शाळेचं पटांगण, पाय घासायचा आवाज अचानक बंद झाला अन् फक्त टायरखालच्या मुरमाचा बारीक करकर आवाज येत राहिला, चिंचेपासून ते झेंड्याच्या ओट्यापर्यंत. मी ओट्यापाशी उतरले अन् तिथंच बसून घेतलं थोडा वेळ.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, नजर समोर लांब ठेवायची, चाकाकडे पाहायचं नाही, जिकडं पाहाल तिकडंच सायकल जाते, खड्ड्याकडे पाहिलं तर बरोब्बर खड्ड्यात. दुसरी थोडी उलटी वाटते पण तीच खरी, सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल हलकंसं वळवायचं. आपण घाबरून विरुद्ध बाजूला ओढतो अन् पडतो. उजवीकडे कलली तर उजवीकडे, चाक आपल्या अंगाखाली येते अन् सायकल आपोआप उभी होते. हे वाचून समजणार नाही, पाय जमिनीजवळ असले की एका सकाळीत अंगाला समजते.

ब्रेकचा सरावही बिनपायडलच्या सायकलीवरच करून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक समोरच्या चाकाचा असतो, तुमच्या सायकलीला कोणता कशाचा आहे ते एकदा उभ्या उभ्या दाबून पाहा. समोरचा एकटाच जोरात दाबला तर मागचं चाक उचलते अन् माणूस हँडलवरून जाते, म्हणून दोन्ही मिळून दाबायची सवय लावा, मागचा थोडा आधी.

पाय उचलून पंधरा-वीस पावलं सरळ जाता आलं की पायडल परत लावा. सीट अजून तशीच खाली राहू द्या. उजवा पायडल वर अन् थोडा समोर आणून ठेवा, त्याच्यावर पाय देऊन दाबा, सायकल निघते, मग डावा पाय आपोआप पायडल शोधते. इथपर्यंत यायला मला अकरा दिवस लागले, रोज अर्धा तास. कोणाला पाच लागतील, कोणाला महिना लागेल. मग दर दोन-चार दिवसांनी सीट एकेक बोट वर घ्या. सीट कायम खालीच ठेवून चालवत राहिलात तर गुडघे धरतील, त्याचं पुढच्या उत्तरात लिहिलं आहे.

आता हसणाऱ्यांचं. मी तुम्हाला असं सांगणार नाही की दुर्लक्ष करा, कारण ते होत नाही, गावात राहणाऱ्या बाईला पारावरचं हसणं पाठीला लागते. म्हणून जागा अन् वेळ आपली निवडायची. पहाटे पटांगणावर कोणी नसते. तुमच्यासारखी आणखी एखादी असली, अंगणवाडीतली ताई किंवा मदतनीस, तर तिला सोबत घ्या, दोघी असल्या की हसणं अर्धं होते अन् पायडल काढायचा पानाही एकच लागते. बाई, रात्री दोन वाजता कोणाच्या घरी कळा सुरू झाल्या तर तुम्हालाच उठवायला येतात ना? तेव्हा कोणी हसत नाही. ज्या दिवशी तुम्ही ऑटोची वाट न पाहता वेळेवर उपकेंद्राला पोचाल, त्या दिवशी पारावरचे लोक बघतील, आठ दिवस बघतील, मग त्यांना तुमच्या सायकलीत काही नवं राहणार नाही.

साडीवर चालवता येते, मी सातही वर्षं साडीवरच चालवली. पण शिकताना सलवार घाला, तेवढं ऐका. साडी नेसून निघताना पदर पाठीमागं मोकळा सोडायचा नाही, समोरून घेऊन कमरेला खोचायचा अन् वर सेफ्टी पिन. मुलीच्या सायकलीला मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी जाळी आहे का पाहा, नसली तर बसवून घ्या. चैनकव्हर पूर्ण पाहिजे, अर्धं असलं तर निऱ्यांची खालची किनार त्यात जाते, अन् चैनमध्ये गेलेली साडी फाडूनच काढावी लागते. माझ्या एका साडीचं असंच झालं, तेही चढावर, मागून ट्रॅक्टर येत असताना. परकर घेरदार घ्या, अरुंद परकरात पाय पूर्ण उचलत नाही. रजिस्टरची बॅग खांद्याला अडकवू नका, एका बाजूला ओढते, कॅरियरवर ठेवून जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्टीनं बांधा, कोणताही पंक्चरवाला देते.

अन् उपकेंद्राचा रस्ता पहिल्यांदा कामाच्या दिवशी करू नका. रविवारी जा, वाटेत कुठं उतार आहे, कुठं कुत्री आहेत, कुठं सावली आहे सगळं पाहून या. सहा किलोमीटरला सुरुवातीला चाळीस मिनिटं धरा. महिनाभरात अर्ध्या तासावर येता.

प्रश्न : वय ५४, काटोल तालुका, एका पतसंस्थेत कारकून आहे. चार वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या सुरू आहेत. डॉक्टर म्हणतात व्यायाम करा. घर ते ऑफिस नऊ किलोमीटर. कॉलेजपर्यंत सायकल चालवली, त्यानंतर तीस वर्षं मोटारसायकलच. वडिलांची जुनी २८ ची सायकल गोठ्यात पडून आहे. मुलगा म्हणतो ती भंगारात द्या अन् गिअरवाली घ्या. गुडघेही कुरकुर करतात. काय करावं?

उत्तर : दादा, वडिलांची सायकल भंगारात देऊ नका. नऊ किलोमीटरच्या आपल्या सपाट रस्त्याला गिअरची गरज नाही, अन् त्या जाड शॉकरवाल्या सायकली दिसायला भारी पण वजनानं जड असतात, तुमच्या पायाची बरीच ताकद शॉकरच खाऊन घेते. जुनी २८ ची सायकल सरळ बसून चालते, कंबरेला त्रास नाही, अन् तिचा कोणताही सामान तालुक्याच्या कोणत्याही सायकल स्टोअरला भेटते.

फक्त तिला पूर्ण खोलून घ्यावी लागेल. टायर-ट्यूब नवीन टाका, तीस वर्षांत रबराला भेगा पडल्याच असतील. ब्रेकचे रबर पण बदला, वरून चांगले दिसतात पण दगडासारखे कडक झालेले असतात अन् रिंगवर नुसते घसरतात. पुढच्या-मागच्या चाकाचे अन् मधल्या एक्सलचे छर्रे काढून नवीन ग्रीस. चैन गंजली असेल तर रात्रभर डिझेलमध्ये ठेवायची, आधी आपण रॉकेलमध्ये ठेवत होतो पण आता ते कुठं भेटते, मग पुसून थेंब थेंब मशीनचं तेल द्यायचं अन् वरचं तेल परत पुसून टाकायचं, नाहीतर आपल्या धुळीत त्याचा काळा लगदा होते. अन् चालवताना पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठोका लागल्यासारखा आवाज आला तर पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, एक्सलला धरून ठेवणारी कॉटर पिन ढिली आहे, तशीच चालवू नका, क्रँकचं छिद्र खराब होते अन् दहा रुपयांच्या जागी मोठा खर्च बसते.

गुडघ्याचं म्हणाल तर बऱ्याच लोकांचे गुडघे सायकलीनं नाही, खाली ठेवलेल्या सीटनं दुखतात. वरच्या ताईंना मी सीट खाली घ्यायला सांगितलं, ते शिकण्यापुरतं. तुम्हाला तोल येतो, तुमचं उलटं. भिंतीला टेकून सीटवर बसा, पायडल एकदम खाली न्या अन् त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना तुम्ही टाचेऐवजी चवड्यानं पायडल दाबता, तेव्हा गुडघ्यात थोडासाच बाक राहते, तेवढाच पाहिजे. गुडघ्याच्या समोरच्या बाजूला दुखलं तर बहुतेक वेळा सीट खाली आहे, मागच्या बाजूला दुखलं तर जास्त वर आहे. चढ आला अन् जड गेलं तर उतरून चाला, त्यात काही कमीपणा नाही, मी रोज एका पुलाजवळ उतरत होते.

शुगरचं मात्र मनावर घ्या. डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा, माझी गोळी मेहनत केल्यावर शुगर खाली नेणारी आहे का, अन् ती निघायच्या किती आधी खाऊ. काही गोळ्यांनी अन् इन्सुलिननं मेहनतीच्या वेळी साखर एकदम उतरते, काही गोळ्यांनी तसं सहसा होत नाही, हे फक्त तुमच्या डॉक्टरांनाच सांगता येते. उपाशीपोटी निघू नका. शर्टाच्या खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज ठेवाच. हात थरथरले, एकदम घाम सुटला, डोळ्यासमोर अंधारी आली, खूप भूक लागल्यासारखं झालं, तर पुढच्या फाट्यापर्यंत जाऊ असं म्हणायचं नाही, तिथंच उतरून तीन चमचे साखर तोंडात टाकायची, पंधरा मिनिटं बसायचं, बरं नाही वाटलं तर पुन्हा. अन् चपलीवर सायकल नका चालवू दादा. बंद बूट, आत सुती मोजे, रात्री घरी आल्यावर तळपाय पाहायचे. शुगरच्या माणसाला बुटाचा चावा कळत नाही अन् तीच जखम महिनोन् महिने भरत नाही, माझ्या माहेरी हे जवळून पाहिलं आहे म्हणून सांगते.

पहिल्या दिवशीच अठरा किलोमीटर करू नका. आधी पंधरा दिवस गावाभोवती तीन-चार किलोमीटर. मग सकाळी सायकलनं जा, सायकल ऑफिसात ठेवा, संध्याकाळी एसटीनं या. दुसऱ्या दिवशी एसटीनं जा अन् सायकलनं या. असे दोन-तीन आठवडे काढले की पुढं तुम्हालाच वाटेल की येणं-जाणं दोन्ही होते.

प्रश्न : अंगणवाडी सेविका, बाळापूर तालुका, अकोला. हिवाळ्यात सायकल घेतली, चार किलोमीटर जाते. आता मार्च लागला. एप्रिल-मेमध्ये कसं करायचं? सासूबाई म्हणतात पदरात कांदा बांधून जा.

उत्तर : कांदा जेवणात खा, सासूबाईंचं मनही राहील, पण पदरातल्या कांद्यानं ऊन थांबत नाही. अकोल्याचं ऊन ४५ च्या वर जाते, तिथं सावलीत उभं राहणं कठीण होते. सकाळी सातच्या आत पोचायचं एवढं सोपं आहे, अडचण परत येण्याची आहे, कारण उन्हाळ्यात सकाळपाळी असली की सुट्टी नेमकी भर दुपारी होते. त्यावर माझा उपाय एकच होता, दुपारी सायकल चालवायचीच नाही. शाळेतच डबा खायचा, वह्या तपासायच्या, पडवीत चटई टाकून आडवं व्हायचं अन् साडेपाचनंतर निघायचं. ज्या दिवशी थांबणं शक्य नाही त्या दिवशी सायकल तिथंच ठेवून एसटी, बायांना आता अर्धंच तिकीट लागते. नवतप्याचे नऊ दिवस तर मी सायकल बाहेर काढतच नव्हते.

दुपट्टा ओला करून डोकं अन् कान दोन्ही झाकून बांधा. पाणी तहान लागायच्या आधी घोट घोट प्या. घाम खूप गेला असेल तर नुसतं पाणी पुरत नाही, एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ टाकून ठेवा, चमचा चहाचा, अन् मीठ अर्ध्यापेक्षा जास्त नाही. आंब्याचं पन्हं पण चालते. घाम येणं बंद झालं, मळमळलं, बोलताना जीभ अडखळली किंवा आपण कुठं आहो ते सुचेना, तर हे ऊन लागलं आहे, सावलीत आडवं व्हा, मान अन् काखेत ओलं कापड ठेवा, अन् सोबतच्याला १०८ ला फोन लावायला सांगा.

अन् सायकलही सावलीत ठेवा. उन्हात आपल्या साध्या सायकलीची वाल ट्यूब, म्हणजे हवा भरायच्या वालवरची बारीक रबरी नळी, वाळून तडकते अन् हवा जाते, लोक पंक्चर समजून पूर्ण टायर खोलतात. आधी वालवर थोडी थुंकी लावून पाहा, बुडबुडा आला तर फक्त वाल ट्यूबचा तुकडा बदलायचा आहे.

प्रश्न : दर्यापूर तालुका, ग्रामरोजगार सेवक. पांदणीनं गेलं तर पाच किलोमीटर, डांबरीनं आठ. पण पांदणीत बाभळीच्या काट्यानं आठवड्यातून दोनदा पंक्चर, अन् पावसाळ्यात तर चाकच फिरत नाही. काही उपाय?

उत्तर : भाऊ, पावसाळ्यात पांदण सोडा. तुमच्याकडची काळी माती मला माहीत आहे, दहा पावलांत मडगार्ड अन् टायरच्या मधात अशी गच्च बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, अन् खांद्यावर घेतली की ती मातीनं दुप्पट झालेली असते. तीन किलोमीटर जास्त पडले तरी मृगापासून दिवाळीपर्यंत डांबरीच. ओल्या रिंगवर ब्रेक उशिरा लागते, लोखंडी रिंगवर तर फारच, म्हणून पावसात ब्रेक रोजच्यापेक्षा बऱ्याच आधी हलके हलके दाबत यायचं, पहिल्या दाबात पाणी पुसून जाते, दुसऱ्यात सायकल थांबते. अन् सोयाबीन निघालं की डांबरीवर पण सांभाळा, लोक खळं रस्त्यावरच करतात, त्या कुटारावरून अन् दाण्यांवरून चाक असं सरकते जसं साबणावरून. सरळ उतरून हातानं न्या.

काट्यांसाठी टायर अन् ट्यूबच्या मधात जुन्या ट्यूबची पट्टी कापून टाकून घ्या, सायकल थोडी जड चालते पण बाभळीचे निम्मे काटे तिथंच अडतात. पांदणीतून बाहेर आलं की एकदा थांबून दोन्ही टायरवर नजर फिरवा, वरवरचा काटा असला तर काढून टाका, खोल गेलेला अन् हवा धरून असलेला काटा मात्र रानात उपटू नका, तोच बूच होऊन बसला असते, घरापर्यंत आणून सोडते.

सारखं सारखं पंक्चर होते त्याचं मोठं कारण मी सांगते. पंक्चरवाला ट्यूब जोडते पण टायरमध्ये तुटलेलं काट्याचं टोक तसंच राहून जाते, अन् दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत छिद्र. टायरच्या आतून बोट फिरवलं तर बोटात घुसते अन् तरी बारीक टोक सापडत नाही. त्यापेक्षा घरच्या कापसाचं एक बोंड घ्या, सरकी काढून तो कापूस टायरच्या आतून गोल फिरवा. जिथं टोक असेल तिथं कापसाचे धागे अडकून राहतात, केसाएवढं टोक असलं तरी दिसते. मग चिमट्यानं काढा. हे मला आमच्या गावच्या मिस्त्रीनं शिकवलं, त्यानंतर माझे पंक्चर महिन्यातून एकावर आले.

प्रश्न : हिंगणघाटजवळ जिनिंगमध्ये काम करतो. सीझनमध्ये शिफ्ट रात्री दहाला सुटते. सात किलोमीटर हायवेला लागून यायचं आहे. सायकलला डायनामो आहे. पुरते का?

उत्तर : नाही पुरत. डायनामोचा लाइट चाक थांबलं की विझते, म्हणजे तुम्ही रस्त्याच्या कडेला थांबले असता तेव्हाच अंधारात असता. समोर बॅटरीचा लाइट लावा अन् त्याहीपेक्षा आधी मागं लाल लाइट लावा, कारण धोका मागून आहे. मागच्या मडगार्डवर अन् कॅरियरवर लाल चमकपट्टी, पायडलला पिवळी, पायडलची पट्टी वर-खाली होते ती गाडीवाल्याला लांबून कळते की माणूस आहे. अंगात पांढरं किंवा पिवळं. काळं शाल-स्वेटर घालून रात्री सायकल चालवणारे पाहिले की माझ्या काळजाचं पाणी होते.

कापसाचे ट्रॅक्टर तुमच्याच वेळेला रस्त्यावर असतात, ट्रॉलीच्या बाहेर लोंबलेला कापूस अन् मागं लाइट नाही. त्यांच्यामागून चालताना अंतर ठेवा, अन् दमल्यावर ट्रॉलीची साखळी धरून ओढत जायची पोरांची जी सवय आहे ती तुम्ही लावून घेऊ नका भाऊ, हात जोडून सांगते. समोरून फुल लाइट मारत गाडी आली तर लाइटकडे पाहू नका, रस्त्याच्या डाव्या काठाकडे पाहा. चाक डांबराच्या काठावरून खाली मुरमात उतरलंच तर तिरपं तिरपं करून परत वर चढवायचा प्रयत्न करू नका, काठाला चाक घासते अन् माणूस नेमका रस्त्यावर आडवा पडते. हळू करा, थांबा, उचलून वर घ्या.

जमलं तर गावातले दोघं-तिघं मिळून एका मागं एक निघा.

प्रश्न : सिंदेवाही तालुका, चंद्रपूर. शाळेत पोषण आहार शिजवते. घर ते शाळा चार किलोमीटर, मधात दीड किलोमीटर जंगल. सायकल येते, पण वाघाची भीती आहे. घरचे नाही म्हणतात. तुम्ही काय म्हणता?

उत्तर : ताई, या बाबतीत मी घरच्यांच्या बाजूनं आहे, निदान पहाटे अन् संध्याकाळी. तुमचा भाग मी बाहेरून सांगायची गरज नाही, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात वाघ ताडोब्याच्या बाहेर गावाला लागून फिरतात, ते तुमच्या रोजच्या जगण्यातलं आहे. उजाडायच्या आधी अन् दिवस मावळल्यावर तो रस्ता सायकलीचा नाही. रानडुक्कर आडवं गेलं तरी सायकलवाला वाचत नाही.

पण तुमचं काम दिवसाचं आहे, दहाच्या सुमारास जाणं अन् तीन-साडेतीनला येणं असेल तर रस्ता खुला असते. तेव्हाही एकटी नको. शाळेत जाणारी पोरं, दुसरी स्वयंपाकी ताई, असे तीन-चार मिळून निघा, बोलत, घंटी वाजवत. जंगलाच्या दीड किलोमीटरमध्ये थांबू नका, तेंदू असो की मोहफूल, वेचायला उतरू नका, वाकलेल्या-बसलेल्या माणसावर जनावर येण्याची भीती जास्त असते. चैन पडली तर तिथं बसून लावू नका, ओढत बाहेर आणा. त्यासाठीच दर रविवारी चैन अन् हवा पाहून ठेवा, म्हणजे ती पडायची वेळच येणार नाही. गावात वनविभागाच्या पीआरटीची, म्हणजे प्राथमिक प्रतिसाद दलाची पोरं असतील, त्यांना रोज सकाळी एक फोन करून विचारा की काल कुठं दिसला, त्यांच्याकडे खबर असते, अन् काही दिसलं तर वनविभागाच्या १९२६ नंबरवर कळवा. ज्या दिवशी ते म्हणतील आज या बाजूला आहे, किंवा शाळेत उशीर झाला, त्या दिवशी सायकल शाळेतच कुलूप लावून ठेवा अन् कोणाच्या तरी जीपनं, गाडीनं घरी या.